कमिटीचा रुमाल

त्या उंच पारशी गृहस्थाने खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला आणि नाकाला लावला. एवढंच झालं. पण तुळसाकाकीच्या डोळ्यांपुढे तो रुमाल असा फडकला, की सगळी वखार, चुन्याचे तीन हात दिलेल्या भिंती, सारवलेली जमीन, ओळीने मांडलेली बाकं, सगळं त्या वीतभर कापडाच्या मागे गेलं. माणूस रुमाल केव्हा काढतो? घाम आला तर. पण घाम कपाळाला येतो, नाकाला नाही. काकी दाराशी उभी होती. दोन्ही खांद्यांवरून पदर, कपाळ उघडं, पाठ ताठ, सत्तरीची असून कशाला टेकलेली नाही. युनिव्हर्सिटीची कमिटी मुंबईहून बोटीने आली होती, तीन माणसं, आणि रत्नागिरीत कॉलेज काढायला परवानगी द्यायची की नाही ते ही तीन माणसं बघणार होती. जागा काकीची. नवरा वारल्यापासून तिनेच चालवलेली, मांडवी बंदरावरची, जांभ्या चिऱ्याची वखार. गेल्या दिवाळीत तिने ती मोकळी करून कॉलेजला दिली होती, आणि दिली तेव्हापासून गावात तिचा पाय जमिनीवर नव्हता.

पुण्याचे एक प्रोफेसर कमिटीत होते. ते पारशी साहेबांचं ऐकून तिच्याकडे वळले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "आजी, साहेब विचारतात, इथं आधी काय होतं?"

"लक्ष्मी होती," काकी म्हणाली. "सुके बोंबील होते, सोडे होते, मीठ होतं. दर्या बंद झाला म्हणजे चार महिने ह्या गावानं ह्याच वखारीचं खाल्लंय. काशीराम तांडेलाची वखार म्हणून विचारा कुठंही."

प्रोफेसर हसले. पारशी साहेब हसले नाहीत. तिसरे गृहस्थ खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि समुद्र बघण्याचं निमित्त करून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. तेव्हा काकीला कळलं. वास! वास येत होता. जांभा दगड म्हणजे सगळा भोकाभोकांचा, तो पाणी पितो तसा वासही पितो, आणि चाळीस वर्षांची मासळी प्यालेल्या त्या भिंती वैशाखाच्या उन्हात तापल्या म्हणजे चुन्याच्या तीन हातांना विचारतात होय? पण तिला वास येत नव्हता. आत्तासुद्धा येत नव्हता. तिने नाक उघडून ओढून बघितलं, तर चुन्याचा आला, शेणाचा आला, बाकांच्या नव्या लाकडाचा आला. धोंडूला, वखारीच्या तिच्या गड्याला, येत नसणार, तो जन्मला तोच वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळीखाली. मांडवीवर कुणालाच येत नसणार. गावाच्या गावाला एक नाक, आणि ते नाक मेलेलं! हसू यावं अशी गोष्ट होती, दुसऱ्याची असती तर. तिने हेडमास्तर आगाश्यांकडे बघितलं. कॉलेजची सगळी खटपट त्यांची, पैसा जमवणं, अर्ज, मुंबईच्या खेपा. आगाशे ब्राह्मण माणूस. त्यांच्या घरात बोंबील कधी शिरला नव्हता. ते जमिनीकडे बघत होते.

"मास्तर," ती हळू पण ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुम्हाला नाक हाय की नाय?"

"आहे, काकी."

"मग सहा महिने काय गहाण ठेवलंत?"

"तुम्हाला म्हणायचं कुणी?" आगाशे निमूटपणे म्हणाले. खरंच, कुणी म्हणायचं! वखार दिली त्या दिवशी सभेत कुणीतरी म्हणालं होतं की जागा जरा बंदराला लागून आहे, तर तिने भर सभेत त्याच्या बापाचं दुकान कुठं होतं ते सांगितलं होतं. लोक तिच्या जिभेला भीत. तिला ते आवडे. आजवर तिला तो मान वाटत आला होता.

आणि मग तिची नजर दमयंतीवर गेली. नात भिंतीशी उभी होती, पाहुण्यांसाठी शहाळी भरलेलं ताट हातात, गेल्या वर्षी मॅट्रिक झालेली, कमिटीपुढे दाखवायची म्हणून काकीने मुद्दाम आणलेली. ही बघा आमच्या कॉलेजची पहिली मुलगी. तिच्या चेहऱ्यावर काकीला लाज दिसायला हवी होती, नाहीतर राग, नाहीतर आश्चर्य तरी. तिथं काहीच नव्हतं. बघता बघता ठरल्या वेळी ओहोटी लागावी आणि बघणाऱ्याला त्यात नवल वाटू नये, तसा तो चेहरा होता. हिला माहीत होतं, काकीच्या मनात आलं, आणि तो विचार रुमालापेक्षाही आत लागला.

कमिटीने बाकी सगळं विचारलं. पुस्तकं किती, प्रोफेसर कोण, मुलांची राहायची सोय कुठं, पावसात बोटी बंद झाल्या म्हणजे येणं-जाणं कसं. आगाशे उत्तरं देत होते. अखेर पुण्याचे प्रोफेसर म्हणाले, की बाकी तुमची तयारी चांगली आहे, पण जागा हीच असेल तर शिफारस करणं अवघड. दुसरी एखादी आजच दाखवता आली तर बघू. संध्याकाळची बोट या मोसमातली शेवटची. ती चुकवता येणार नाही, आणि ह्यानंतर कमिटी यायची ती नारळी पौर्णिमेनंतर, म्हणजे हे वर्ष गेलंच. मग ते सगळे आगाश्यांच्या घरी जेवायला गेले.

ती पाखाडी चढू लागली. चिऱ्याच्या पायऱ्या उन्हाने भाजत होत्या, मागून दमयंतीची पावलं येत होती. परवाना म्हणजे काय हे काकीला कुणी शिकवायला नको होतं. माडाला चढायचं तर आबकारीचा परवाना, गलबत हाकारायचं तर कस्टमचा. पण आगाशे पहिल्यांदा कॉलेजचं बोलायला आले तेव्हा ती हसली होती. शिकवायलाही परवाना लागतो? ताडी विकायला लागतो ते समजलं, ताडीनं माणूस बिघडतो. मास्तर म्हणाले होते, युनिव्हर्सिटीने आपलं म्हटल्याशिवाय इथं शिकलेल्या पोराला परीक्षेलाच बसता येत नाही, मग शिकून काय उपयोग? हे तिला पटलं. शिकून परीक्षेला न बसता आलेलं माणूस तिने पाहिलं होतं. ती स्वतःच. दुसरीत होती, तिथले मास्तर तिला दाराशी बसवत, बाकी सगळी पोरं आत. तिथून फळा अर्धाच दिसे. जोडाक्षरं नेमकी पलीकडच्या अर्ध्यात असत. मान लांब करून करून तिने ती पकडली होती, आणि परीक्षेचे साहेब येणार त्याच्या आधल्या आठवड्यात तिचं लग्न झालं. पुढे गोणींवरच्या खुणा वाचता आल्या, नवऱ्याला फसवणारे दलाल वाचता आले. पण अजून कुठं पाटी दिसली दुकानावरची, की मान आपोआप लांब होई, जणू उरलेला अर्धा फळा तिथं कुठंतरी असेल.

"येत होता तुला वास?" तिने मागे न बघता विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"नेहमीचाच येतो, आजी. लहान होते तेव्हापासून."

लहान होती तेव्हापासून. मानमोडीच्या साथीत आई गेली आणि काकीच्या मुलाने, गंगारामने, तिला मुंबईहून आणून काकीच्या ओटीत टाकली, दीड वर्षाची. बोटीवरून माणसं किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून धोंडूच्या खांद्यावर बसून उतरली होती आणि बंदरावर पाय टेकताच ओकली होती. बोट लागली, सगळे म्हणाले. काकीही म्हणाली. आता तिला वाटलं, बोटच लागली होती ना? आणि गंगाराम! तो शिकायला मुंबईला होता तेव्हा ती त्याला डबा धाडायची, सोडे तळून, मसाला भरून, वर फडकं शिवून. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा म्हणाला होता, आये, डबा पाठवू नकोस, पोरं हसतात, पेटीतल्या कपड्यांना वास लागतो. ती केवढी भडकली! हे शहाणपण तुला कुणी शिकवलं, ह्याच वासावर तुझी फी जाते. मग सुट्ट्या लहान होत गेल्या. मग तो सुट्टीला येऊन जेवायला बसायचा आणि पान बघून नुसता भात कालवायचा. मग शिकून पुरा झाला, नोकरीला लागला, आणि आता वर्षाला एकदा यायचा, बंदरावरून वर येताना वखारीच्या पलीकडच्या अंगाने यायचा. लांब पडतं रे तिकडून, ती म्हणायची. पाय मोकळे होतात, तो म्हणायचा. पडाव किनारा सोडतो, वल्ही पाण्यात पडतात, उभ्या माणसाचं तोंड आधी पुसट होतं, मग पागोटं, मग नुसता पांढरा ठिपका. हे तिने इतक्या वेळा बघितलं होतं, की कॉलेज रत्नागिरीत निघतंय म्हणताच तिच्या डोळ्यांपुढे इमारत आलीच नव्हती. न हललेला पडाव आला होता. म्हणून तर दमयंतीला तिने वर्षभर थांबवून धरलं. येत्या जूनला इथंच निघतंय, कशाला बापाकडे जातेस, सावत्र आईच्या हातचं खायला.

"मग बोलली का नायस गो? मेले, आगाशे भितात, गाव भितं, तू कधी भ्यालीस मला?"

दमयंती थांबली. पाखाडीच्या वळणावर काजूचं झाड होतं, त्याच्या सावलीत ती उभी राहिली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. काकीला ते बाजूला सारावेसे वाटले आणि तिने हात पदरात गुंडाळून घेतला.

"बोलले असते तर तू दुसरी जागा दिली असतीस," दमयंती म्हणाली.

"मग? वाईट होतं काय?"

"मग कॉलेज झालं असतं."

काकीला क्षणभर अर्थ लागेना.

"इथं आर्ट्सचं निघणार, आजी. मला सायन्स पाहिजे. मला डॉक्टर व्हायचंय. तुला मी दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, आधी इथलं होऊ दे, मग बघू. इथलं झालं असतं तर बघायचं काय राहिलं असतं?" आणि मग, अगदी खाली बघून, "मी वाट बघत होते की ते येतील आणि नको म्हणतील."

म्हणजे सहा महिने ही पोर रोज वखारीत येत होती, बाकं पुसत होती, फळ्याला काळं लावत होती, आणि श्वासागणिक त्या वासाला म्हणत होती, राहा, बाबा, राहा, जाऊ नकोस. काकीच्या घशाशी शिव्या आल्या. तिच्याकडे शिव्यांचा साठा चांगला होता. घरभेदी, कृतघ्न, आयत्या बिळावरची नागीण. त्यातली एकही उचलली जाईना. कारण त्या खाली घातलेल्या तोंडात तिने एक गोष्ट बघितली होती आणि ती तिच्या ओळखीची होती. ती हाव होती. पैशाची नव्हे, दागिन्यांची नव्हे. मान लांब करून पलीकडचा फळा धरायची हाव, त्यापायी माणूस लबाडीही करतं. तिनेही केली होती, लग्नाच्या आधी तीन दिवस अंगात ताप आहे म्हणून खोटंच कण्हत पडली होती. कुणाला दया आली नव्हती. हळद अंगाला लावून तापलेली नवरी म्हणून बायका हसल्या होत्या.

घरी येऊन ती ओटीवर बसली. मालनने, घरच्या कामवालीने, पन्हं आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. घर तिच्या नवऱ्याने, काशीरामने बांधलेलं, मंगळुरी कौलांचं, वरच्या अंगाला, वाऱ्यावर. माजघर एवढं मोठं की तिच्या लेकीच्या लग्नात दोन पंगती एका वेळी उठल्या. चार खोल्या, मागे आवार, विहिरीला वैशाखातही दोन पुरुष खोल पाणी. हे घर द्यायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, आणि तिच्या तर नाहीच. वखार दिली होती कारण धंदा आटला होता, वखार रिकामीच पडायची. माणूस उरलेलं देतो आणि दान म्हणून मिरवतो! घर उरलेलं नव्हतं. पण आता हे घर दाखवलं तर कमिटी नको म्हणू शकणार नव्हती, हे तिला ओटीवर बसल्या बसल्या लख्ख दिसलं. आणि त्याच्यामागे लगेच दुसरं दिसलं. घर दिलं की कॉलेज होणार, कॉलेज झालं की दमयंतीला जायला तोंड उरणार नाही. आजीने राहतं घर दिलं, आणि नात मुंबईला गेली? गाव तिला जगू देईल? बापही हो म्हणणार नाही. एका शब्दात पोर बांधली जाणार होती, ती शिकणार होती ह्याच माजघरात, आपल्या डोळ्यांसमोर, दुपारी भाकरी खायला चार पावलांवर. काकीच्या अंगावर सुखाचा काटा आला. किती सोपं होतं ते!

आत दमयंती भांडी लावत होती. एकेक भांडं ती आवाज न करता ठेवत होती, दुसऱ्याच्या घरात ठेवावं तसं. काकीला भाट्याच्या खाडीतल्या होड्या आठवल्या. भरतीला बांधलेली होडी डुलते, छान दिसते. दोर आखूड ठेवला आणि ओहोटी लागली, की तीच चिखलात कलंडून पडते, आणि मग तिच्याकडे बघवत नाही. वर्षभर ही पोर अशी आवाज न करता भांडी लावत होती, आणि आपण म्हणत होतो, नात किती शहाणी झाली.

ती उठली. "मालन, माजघरातलं उचलायला घे. पेट्या, बाजलं, सगळं." मग आत वळून, "आणि तुझी वळकटी बांध गो."

"कुठं जायला?" दमयंतीने विचारलं, घाबरून.

"बंदरात बोट आलीय ना, ती काय माझ्यासाठी? आगाश्यांची बहीण जातेय तिच्या नवऱ्याकडे, तिच्याबरोबर जा. बापाला तार करायला धोंडूला धाडते. आणि रडायचं नाय हां, रडलीस तर ठेवून घेईन."

दमयंती रडली नाही. तिने काकीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि इतका वेळ उचललं नाही, की काकीने शेवटी पाय ओढून घेतले.

आगाश्यांच्या ओटीवर कमिटी जेवून बसली होती. काकी अंगणातच उभी राहिली, वर चढली नाही. प्रोफेसरांना म्हणाली, "चला, दुसरी जागा दाखवते. माझं राहतं घर. वास नाय त्याला, माझ्या सुनेनं सांगितलेलं, तिचं नाक मुंबईचं होतं."

आगाशे उठून उभेच राहिले. "काकी, आणि तुम्ही कुठं राहणार?"

"वखारीत. मला कुठं येतोय वास?"

प्रोफेसरांनी पारशी साहेबांना सांगितलं. साहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "बाई, तुमची ती छोकरी, ती शिकेल इथं, बरोबर?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, कॉलेजला बरंच झालं असतं. "नाय," ती म्हणाली. "ती आज तुमच्याच बोटीनं जातेय. तिला पाहिजे ते इथं नाय. पण धोंडूची चिमा हाय, केरू भाटकराच्या दोन पोरी सातवीत हायत, त्यांना मुंबईत बाप नाय. त्या कुठं जातील? त्यांचं बोला."

घर बघायला वेळ लागला नाही. पारशी साहेबांनी माजघरात उभं राहून एकदा श्वास घेतला आणि मान हलवली. विहिरीत वाकून बघितलं. खिडक्या मोजल्या नाहीत. आता आम्ही आमचं मत वर कळवू, प्रोफेसर म्हणाले, हो-नाही ठरवणारे आम्ही नव्हे, तुम्हाला पावसातच कळेल. पण त्यांचा आवाज सकाळसारखा गोड नव्हता, साधा होता, आणि काकीला तो जास्त बरा वाटला.

संध्याकाळी मांडवीवर वारा सुटला होता. बोट लांब उभी होती, दोन पडाव माणसं नेत होते. पहिल्या पडावात कमिटी, आगाश्यांची बहीण आणि दमयंती. प्रोफेसर चढता चढता म्हणाले, "आजी, परवानगी मिळाली तर नाव कुणाचं द्यायचं? यजमानांचं?"

"आधी मूल होऊ द्या, मग बारसं," काकी म्हणाली, आणि बंदरावरचे सगळे हसले. दमयंतीही हसली. तेच हसतं तोंड काकीने डोळ्यांत धरून ठेवलं. वल्ही पाण्यात पडली. पोर पुढे तोंड करून बसली होती, बोटीकडे. एकदा वळली, हात केला, आणि मग वळली नाही. बरोबर आहे, पडावात मागे बघत बसलं की पोटात ढवळतं, काकीनेच तिला लहानपणी सांगितलं होतं. तिने डोळे बारीक केले. तोंड आधीच गेलं होतं. आता अंबाडा. आता नुसती निळी साडी, आणि मग ती निळी साडी कुठली आणि पाणी कुठलं ते सांगता येईना. गावातली माणसं परतू लागली. काकी भोंगा होईपर्यंत उभी राहिली, भोंगा झाल्यावरही राहिली.

ती घरी आली तेव्हा उजेड सरत होता. मालनने आणि धोंडूने माजघर अगदी मोकळं केलं होतं. पेट्यांच्या जागी जमिनीवर चौकोन उमटले होते. एवढी मोठी खोली तिच्या घरात होती हे तिला माहीतच नव्हतं. पलीकडची भिंत लांब, मोकळी, पश्चिमेच्या उजेडात पिवळी पडलेली. फळा तिथंच लावतील, दुसरीकडे लागायचा नाही. ती दाराशी थांबली, सवयीने. मग आत गेली, खोलीच्या मधोमध, भिंतीसमोर, आणि गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू खाली बसली. तिथून भिंत सगळी दिसत होती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मालन समई घेऊन दारात आली आणि तिला तशी बसलेली बघून गोंधळली.

"काकी, काळोख झाला. दिवा लावू?"

"थांब गो जरा," तुळसाकाकी भिंतीवरची नजर न काढता म्हणाली. "अजून मास्तर आले नायत."